तास बाकी होते, तरी एडी ड्यू होती: इंजेक्टर लाइनच्या इन्स्पेक्शनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका फ्लाइंग स्कूलमधलं हे प्रकरण आहे. स्कूल कुठलं, माणसं कोण, विमान कुठल्या कंपनीचं हे सगळं मुद्दाम गाळलंय, कारण छोटं फ्लीट आणि मोजके इंजिनिअर असतील तिथे कुठेही हे होऊ शकतं आणि नाव कळून कुणाला काही शिकता येणार नाही. मी त्या स्कूलमध्ये कामाला नव्हतो. पहिलं विमान ग्राउंड झालं, म्हणजे उड्डाण बंद करून उभं ठेवलं, त्याच दुपारी रेकॉर्ड तपासायला मला बोलावलं, त्यामुळे पुढचं बरंचसं समोर घडलेलं आहे आणि त्याच्या आधीचं लॉगबुक, वर्क ऑर्डर आणि तिथल्या लोकांशी बोलून जुळवलेलं आहे.

फ्लीट सहा विमानांचं, सगळी एकाच प्रकारची, चार सिलिंडरचं फ्यूल इंजेक्टेड पिस्टन इंजिन. ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, सर्व्होमधून, म्हणजे इंजिनला लागेल तेवढं फ्यूल मोजून देणाऱ्या भागातून, फ्यूल वर फ्लो डिव्हायडर नावाच्या वाटणी करणाऱ्या भागात येतं आणि तिथून चार बारीक स्टेनलेस स्टीलच्या लाइन्स निघतात, एकेक लाइन एकेका सिलिंडरच्या नोझलला जाते. लाइन पेन्सिलीपेक्षाही बारीक असते, टोकाला ब्रेझिंग करून, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधून, बसवलेला फेरूल, म्हणजे छोटी धातूची कडी, असतो आणि त्यावर नट. मधल्या लांबीत लाइन हलू नये म्हणून रबर लावलेले छोटे क्लॅम्प असतात. हे क्लॅम्प दिसायला किरकोळ वाटतात, पण लाइन टिकते ती त्यांच्यावरच. क्लॅम्प नसेल तर इंजिनच्या व्हायब्रेशनने लाइन सतत थरथरत राहते आणि सगळा ताण जाऊन बसतो टोकाच्या ब्रेझिंगवर, मग तिथे क्रॅक जायला फार वेळ लागत नाही. क्रॅक गेला की प्रेशरखालचं फ्यूल गरम इंजिनवर फवारलं जातं, तेही काउलिंगच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, आत, जिथे पायलटला काहीच दिसत नाही.

म्हणूनच या लाइन्ससाठी एडी आहे, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. उत्पादक जे सर्व्हिस बुलेटिन काढतो ती त्याची सूचना असते, पण नियामकाने एडी काढली की ती कायदा होते. अमेरिकेचा विमान वाहतूक नियामक एफएए, त्याच्या नियमांत, भाग ३९ मध्ये, हे अगदी सरळ लिहिलंय की एडीची अट पूर्ण झालेली नसताना विमान जितक्या वेळा उडवाल तितक्या वेळा नियमभंग होतो. म्हणजे एकदा चुकलं आणि विषय संपला असं नाही, प्रत्येक टेकऑफ वेगळा मोजला जातो.

या एडीत सांगितलेलं काम काही अवघड नाही. सगळ्या लाइन्स बघायच्या, कुठे क्रॅक, दबलेली जागा, मुडपलेली जागा, फार लहान त्रिज्येचा बाक, घासल्याची खूण, फ्यूलचा डाग आहे का, क्लॅम्प सगळे जागेवर आणि बरोबर पार्ट नंबरचे आहेत का. दोष सापडला तर पुढच्या उड्डाणाआधी पार्ट बदलायचा. आणि हे कधी करायचं? दर १०० तासांनी, इंजिन ओव्हरहॉलच्या वेळी, आणि तिसरी अट अशी की लाइन किंवा क्लॅम्प सोडवलेला, हलवलेला किंवा ढिला केलेला असेल असं कुठलंही काम इंजिनवर झालं की त्यानंतर लगेच. पुढे जे झालं ते सगळं या तिसऱ्या अटीवरून झालं.

अडचण कशी समोर आली

सकाळच्या पहिल्या सॉर्टीआधी, म्हणजे उड्डाणाच्या फेरीआधी, एक विद्यार्थिनी वॉक-अराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी, करत होती. तिला खालच्या काउलिंगच्या कडेला फिकट निळा ओघळ दिसला. पिस्टन विमानात जे १०० लो लेड एव्हगॅस वापरतात त्यात निळा रंग घातलेला असतो, फ्यूल उडून जातं पण रंग मागे राहतो, म्हणून वाळलेला निळा डाग म्हणजे इथून फ्यूल गेलंय हे नक्की. तिने इन्स्ट्रक्टरला हाक मारली, "सर, हे काल नव्हतं." इन्स्ट्रक्टरने बोट फिरवून बघितलं, वास घेतला आणि विमान तिथेच थांबवून हँगरला फोन केला. या दोघांचं इथेच मनापासून कौतुक करतो कारण "काल ड्रेन करताना सांडलं असेल" म्हणून पुसून टाकणं फार सोपं होतं आणि पुढची सॉर्टी उभीच होती.

इंजिनिअरने वरची काउलिंग काढली. तिसऱ्या सिलिंडरच्या नोझलभोवती निळं होतं. आता इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो चुकायला फार वाव होता. या प्रकारच्या नोझलला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं, नोझल अर्धवट तुंबलं की फ्यूल तिथून बाहेर येतं आणि नोझलभोवती निळा डाग पडतो. हे इतकं नेहमीचं आहे की डाग दिसला की हात आपोआप नोझल साफ करायच्या तयारीला लागतात. मेकॅनिकने तेच सुचवलं, "तीन नंबर तुंबलंय, काढून सोल्व्हंटमध्ये टाकतो, अर्ध्या तासात देतो."

इंजिनिअरने त्याला थांबवलं. डाग नोझलच्या भोकाच्या बाजूला कमी आणि नटाच्या वर, फेरूलकडे जास्त आहे असं तिचं म्हणणं होतं. तिने तो भाग पुसून कोरडा केला, मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रणा, बंद आहेत याची खात्री केली, अग्निशामक घेऊन एकाला बाजूला उभं केलं आणि मिक्श्चरचा, म्हणजे फ्यूल सोडणारा, लिव्हर पुढे करून बूस्ट पंप, म्हणजे फ्यूलला प्रेशर देणारा विजेचा पंप, काही सेकंदच चालू करायला सांगितला, जास्त वेळ ठेवला तर फ्यूल इनटेकमध्ये साचतं. आरसा आणि टॉर्च लावून ती बघत होती. नोझलचं भोक कोरडं राहिलं. फेरूल जिथे ट्यूबला ब्रेझ केलाय तिथे अर्धवर्तुळात एक केसाएवढी रेघ ओली झाली, मग तिचा थेंब झाला, आणि थेंब नटावरून खाली उतरला. पंप बंद करून भिंगातून बघितल्यावर क्रॅक स्पष्ट दिसला.

आणि भिंग खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की त्या लाइनचा मधला क्लॅम्पच जागेवर नाहीये. स्क्रू होता, नट होता, क्लॅम्प नव्हता.

आता खरा प्रश्न. या विमानाचं १०० तासांचं इन्स्पेक्शन आणि त्याबरोबर एडीची सही होऊन फक्त ३८ तास झाले होते. ट्रॅकिंग शीटवर या एडीसमोर हिरवा रंग आणि "६२ तास बाकी" असं लिहिलेलं. त्या सहीच्या वेळी क्लॅम्प होता की नव्हता?

मी वर्क ऑर्डर चाळल्या तेव्हा उत्तर मिळालं. त्या इन्स्पेक्शननंतर २६ तासांनी तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी लागलं म्हणून सिलिंडर काढला होता, व्हॉल्व्हचं काम करून परत बसवला होता. सिलिंडर काढायचा म्हणजे इंजेक्टर लाइन सोडवावीच लागते. कागदावर सिलिंडर काढला, बसवला, टॉर्क, लीक चेक, ग्राउंड रन अशा सगळ्या ओळी होत्या आणि सगळ्यांवर सह्या होत्या. क्लॅम्पचं रबर उष्णतेने कडक होऊन तुटलं होतं, नवा स्टोअरमध्ये नव्हता, मेकॅनिकने एका टॅगवर "क्लॅम्प बाकी" असं लिहून तो टॅग लाइनला बांधला, शिफ्ट बदलली आणि काउलिंग बसवताना कुणीतरी टॅग काढून टाकला. टॅगवरची गोष्ट वर्क ऑर्डरमध्ये आलीच नव्हती त्यामुळे काढणाऱ्याला तो जुना, झालेल्या कामाचा टॅग वाटला असणार.

म्हणजे एडी त्याच दिवशी परत ड्यू झाली होती, लाइन सोडवल्यामुळे. ती केली असती तर क्लॅम्प मोजले गेले असते. पण शीटला फक्त तास कळत होते, काम झाल्याचं कळत नव्हतं. त्यानंतर विमान १२ तास उडालं, आणि ते १२ तास एडी पूर्ण नसताना उडालं.

लीक चेकच्या सहीबद्दलही बोलतो, कारण स्कूलमध्ये त्यावर बराच वाद झाला. लीक चेक खोटा नव्हता. त्या दिवशी लीक नव्हतंच. लीक चेक सांगतो की आत्ता गळत नाहीये, एडीचं इन्स्पेक्शन विचारतं की उद्या गळेल असं काही इथे आहे का. दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच्या सहीने दुसरं झालं असं मानता येत नाही.

क्रॅक क्लॅम्प नसल्यामुळेच गेला का, की सिलिंडर बसवताना नट आवळताना लाइन पिळली गेली होती? दोन्ही शक्य आहे. लाइनकडे बघून ते वेगळं करता येत नव्हतं, म्हणून दोन्ही कारणं धरूनच पुढचं ठरवलं.

कुठले पर्याय होते

या विमानासाठी फार पर्याय नव्हतेच. नट थोडा आवळून बघू असं कुणीतरी म्हणालं पण क्रॅक आवळून बंद होत नाही, उलट वाढतो. नवी लाइन, नवे क्लॅम्प, मग इन्स्पेक्शन, मग रन-अप, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून बघणं. लाइन मागवावी लागणार होती तोवर विमान ग्राउंड.

खरी चर्चा बाकीच्या पाचांवर झाली. त्यातलं एक हँगरमध्येच १०० तासांच्या इन्स्पेक्शनसाठी उघडलेलं होतं, त्याचा प्रश्न नव्हता. एक विमान क्रॉस-कंट्रीला गेलेलं आणि दुसऱ्या एअरफील्डवर उभं होतं. बाकी तीन फ्लाइट लाइनवर, म्हणजे उड्डाणासाठी विमानं जिथे रांगेत उभी करतात तिथे, त्या दिवशीच्या सॉर्टींसाठी तयार. आठवड्याच्या शेवटी स्किल टेस्ट, म्हणजे लायसन्ससाठीच्या उड्डाण परीक्षा, लागलेल्या होत्या, परीक्षक ठरलेला, हवामानामुळे आधीच मागे पडलेले विद्यार्थी. चीफ इन्स्ट्रक्टरने जे विचारलं ते अगदी रास्त होतं, "बाकीच्यांचं शीट हिरवं आहे, त्यांच्यावर काही डाग नाहीत, मग सगळी का थांबवायची?"

तीन मार्ग टेबलावर आले. पहिला, शीट हिरवं आहे तर उडवत राहा आणि पुढच्या ठरलेल्या इन्स्पेक्शनला नीट बघा. दुसरा, सगळी आत्ता थांबवा, सगळ्यांच्या काउलिंग काढा, बघा, मग सोडा. तिसरा, आधी थांबवा, रेकॉर्ड काढा, शेवटच्या एडी सहीनंतर कुणाकुणाच्या लाइन्सना हात लागलाय ते शोधा आणि फक्त तीच विमानं उघडा.

आणखी दोन सूचना आल्या त्यांचाही उल्लेख करतो. एक म्हणजे १०० तासांच्या इन्स्पेक्शनला जशी थोडी सवलत असते तशी इथे नाही का? एफएएच्या नियमात ठरलेल्या १०० तासांच्या इन्स्पेक्शनच्या जागी पोचेपर्यंत १० तासांपर्यंत जास्त उडता येतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात ती सवलत सगळीकडे लागू आहे असं बसलेलं असतं. एडीला ती लागू होत नाही, एडीत स्वतःहून लिहिलं असेल तरच. दुसरी सूचना एएमओसीची, म्हणजे अट वेगळ्या पद्धतीने पूर्ण करायची परवानगी नियामकाकडे मागायची. तो मार्ग खरा आहे पण त्यासाठी तुमच्याकडे तितकीच सुरक्षित दुसरी पद्धत असावी लागते आणि मंजुरी हातात आल्याशिवाय तिचा उपयोग नाही. इथे काम एका विमानाला तासाभराचं होतं, परवानगी मागण्यासारखं काही नव्हतंच.

काय केलं

अकाउंटेबल मॅनेजरने, म्हणजे स्कूलच्या कामाची अंतिम जबाबदारी असलेल्यांनी, तिसरा मार्ग निवडला. लाइनवरची तिन्ही विमानं थांबवली आणि मी आणि तिथली रेकॉर्ड बघणारी मुलगी, आम्ही दोघं वर्क ऑर्डर घेऊन बसलो. आम्ही "एडी" हा शब्द शोधत नव्हतो, कारण तो तिथे नसणार हाच तर प्रॉब्लेम होता. लाइन सोडवल्याशिवाय होऊच शकत नाहीत अशी कामं शोधत होतो, सिलिंडर काढणं, फ्लो डिव्हायडर काढणं, नोझल साफ करणं. या यादीत नोझल साफ करणं आहे हे लक्षात आल्यावर खोलीत जरा शांतता झाली, कारण ते काम स्कूलमध्ये सारखं होतं, लहान समजलं जातं, आणि त्यात चारही लाइन्स सुटतात.

दोन विमानं निघाली. एक, जे लाइनवर उभं होतं, त्याची नोझल्स मागच्या एडी सहीनंतर साफ केली होती. दुसरं नेमकं क्रॉस-कंट्रीला गेलेलं, त्याचा फ्लो डिव्हायडर काढून परत बसवला होता. दोन्हीत कामानंतर एडीची नोंद नव्हती. लाइनवरच्या उरलेल्या दोन विमानांच्या कागदांत असं काही काम दिसलं नाही, त्यामुळे संध्याकाळी ती दोन उडायला सोडली. यावर माझं मत वेगळं होतं आणि अजूनही आहे, ते पुढे लिहितो.

बाहेर उभ्या विमानाचं काय करायचं यावर जास्त वेळ गेला. इन्स्ट्रक्टर फोनवर म्हणत होता की इंजिन एकदम स्मूथ आहे, डाग नाही, वास नाही, पाऊण तासाचं तर उड्डाण आहे, घेऊन येतो. इंजिनिअरने त्याला एवढंच सांगितलं, "दादा, तुम्ही म्हणता ते सगळं पहिल्या विमानाबद्दल परवापर्यंत खरं होतं." एडी ओव्हरड्यू असलेलं विमान बेसवर आणायचं असेल तर नियामकाकडून स्पेशल फ्लाइट परमिट घ्यावं लागतं, इन्स्ट्रक्टरने किंवा स्कूलने आपल्या जबाबदारीवर ठरवायची ती गोष्ट नाही. परमिट मागता आलं असतं, पण लाइन्स न बघताच परमिट मागणं तिला पटत नव्हतं, आणि बघितल्या तर परमिटची गरजच उरत नव्हती. शेवटी लायसन्स असलेला एक इंजिनिअर गाडीने आरसा, टॉर्च, भिंग, टॉर्क रेंच आणि होते तेवढे सुटे क्लॅम्प घेऊन तिकडे गेला. विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर रात्री तिथेच राहिले. सकाळी लाइन्स चांगल्या निघाल्या, एका क्लॅम्पचं रबर कडक झालं होतं तो बदलला, सही झाली, विमान उडत परत आलं.

नोझल साफ केलेल्या विमानात मात्र सापडलं. चार लाइन्सपैकी एकीवर क्लॅम्प होता पण चुकीच्या मापाचा. वरून बघितलं तर काहीच कळत नव्हतं, रबर होतं, स्क्रू आवळलेला होता. बोटाने लाइन हलवल्यावर ती क्लॅम्पच्या आत सरकत होती. क्लॅम्प काढल्यावर लाइनवर एका बाजूला चकचकीत पट्टा दिसला, नखाला जाणवेल इतका खोल. लाइन बदलली.

हा क्लॅम्प कुठून आला ते कुणालाच सांगता आलं नाही, स्टोअरच्या एका खणात वेगवेगळ्या मापांचे क्लॅम्प एकत्र ठेवलेले होते हे मात्र सगळ्यांनी बघितलं.

त्यावरून पुढचा निर्णय आला. बरोबर पार्ट नंबरचे क्लॅम्प पुरेसे नव्हते आणि ऑर्डर यायला वेळ होता. मेकॅनिककडे दुसऱ्या पार्ट नंबरचे, "अगदी तसेच" क्लॅम्प होते. अशा वेळी मला नेहमी एअर ट्रान्सॅटची फ्लाइट २३६ आठवते, ऑगस्ट २००१, एअरबस ए३३०. इंजिन बदलताना आधीच्या आणि नंतरच्या मॉडिफिकेशनचे भाग एकत्र आले, फ्यूल लाइन आणि हायड्रॉलिक लाइन यांच्यात जेवढी फट हवी तेवढी राहिली नाही, त्या एकमेकींना घासल्या, फ्यूल लाइन फुटली आणि अटलांटिकवर सगळं फ्यूल संपून दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटांनी विमान ग्लाइड करत अझोर्स बेटांवर लाजेसला उतरवलं, ३०६ जण वाचले. तिथेही पार्ट बसत होता. बसतो म्हणजे बरोबर आहे असं नसतं, फ्यूल सिस्टिममध्ये तर नाहीच.

म्हणून "अगदी तसेच" क्लॅम्प बाजूला ठेवले आणि ग्राउंड असलेल्या पहिल्या विमानावरचे चांगले क्लॅम्प रॉब केले, म्हणजे तिथून काढून इकडे वापरले. ते तसंही लाइनची वाट बघत उभंच राहणार होतं. पण रॉब करताना दोन्ही विमानांच्या कागदांवर नोंद केली, पहिल्या विमानाच्या वर्क ऑर्डरमध्ये प्रत्येक काढलेल्या क्लॅम्पसाठी वेगळी ओपन एंट्री टाकली, आणि ती एंट्री बंद झाल्याशिवाय रिलीज, म्हणजे विमान उडवायला परवानगीची सही, देता येणार नाही असं लिहिलं. टॅग नुसता लाइनला न बांधता त्याचा नंबर वर्क ऑर्डरवर लिहिला. क्लॅम्प हरवण्याची सुरुवातच जिथून झाली होती तीच वाट आपण परत उघडतोय हे सगळ्यांना कळत होतं.

काय झालं पुढे

आठवड्याच्या शेवटी पाच विमानं उडत होती आणि स्किल टेस्ट झाल्या, काही पुढे ढकलाव्या लागल्या. पहिलं विमान लाइन आणि क्लॅम्प आल्यावर परत सुरू झालं. स्कूलने क्रॅकबद्दल आणि चुकीच्या क्लॅम्पबद्दल डिफेक्ट रिपोर्ट नियामकाला आणि इंजिन उत्पादकाला पाठवला, आणि एडी पूर्ण नसताना उड्डाणं झाली हेही स्वतःहून कळवलं. रिपोर्ट पाठवायचा की नाही यावर थोडी कुरबूर झाली होती. मला विचाराल तर हे रिपोर्ट पाठवलेच पाहिजेत, कारण पुढची एडी किती कडक हवी, इंटर्व्हल किती हवा हे नियामक याच रिपोर्टांवरून ठरवतो.

ट्रॅकिंग शीट बदललं. या एडीच्या ओळीत तासांशिवाय आणखी एक रकाना आला, "शेवटच्या सहीनंतर लाइन/क्लॅम्पला हात लागला का", आणि तो भरणं रेकॉर्डवाल्यांवर न सोडता वर्क ऑर्डर बंद करणाऱ्या इंजिनिअरवर टाकलं. सिलिंडर, फ्लो डिव्हायडर, नोझल यांच्या वर्क कार्डांवर शेवटची ओळ छापली की लाइन सोडवली असल्यास एडी इन्स्पेक्शन करून सही. सहीचा मजकूरही बदलला. आधी नुसतं "एडी कंप्लाइड" असायचं, आता चार लाइन्स बघितल्या, किती क्लॅम्प जागेवर आहेत, पार्ट नंबर पडताळला असं लिहावं लागतं. क्लॅम्पचा आकडा लिहायचा म्हटल्यावर माणूस मोजतो, हा साधा फरक आहे पण मला सगळ्या बदलांत हाच जास्त कामाचा वाटतो.

स्टोअरमधला तो खण रिकामा करून प्रत्येक माप वेगळ्या डब्यात, लेबलसकट ठेवलं. ज्यांचे कागद नव्हते ते क्लॅम्प फेकून दिले.

काय वेगळं करता आलं असतं

रेकॉर्ड बघून दोन विमानं त्याच संध्याकाळी न उघडता सोडली, तो निर्णय मला पटला नव्हता. ज्या कागदांनी आपल्याला नुकतंच फसवलं होतं, त्याच कागदांच्या भरवशावर आपण ती सोडली. पहिल्या विमानाच्या वर्क ऑर्डरमध्ये क्लॅम्प नसल्याचं लिहिलेलंच नव्हतं, मग या दोघांच्या कागदांत काही लिहिलं नाही याचा अर्थ काही झालं नाही असा कसा घ्यायचा? एखाद्याने बॅफल सील, म्हणजे इंजिनभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांचं रबर, बदलताना क्लॅम्पचा स्क्रू सहज ढिला केला असेल तर तो कुठल्या ओळीत दिसणार होता? नंतर ती दोन्ही उघडली तेव्हा ठीक निघाली. पण त्याने निर्णय बरोबर ठरत नाही. काउलिंग काढून बघायला एका विमानाला तासभर पुरला असता, दोन सॉर्टी गेल्या असत्या.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मांडतो, कारण ते बिनबुडाचं नव्हतं. मॅनेजर म्हणाले की हातात दोनच लायसन्स असलेले इंजिनिअर होते, त्यातला एक गाडीत, दुसरी सकाळपासून उभी, अशा दमलेल्या माणसाकडून आणखी दोन विमानं उघडून घेणं हीसुद्धा जोखीमच आहे, उघडलेली काउलिंग आणि हात लागलेले पार्ट म्हणजे चुकायला नवी जागा. हा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणजे ती दोन विमानं सकाळपर्यंत उभी ठेवणं, न बघता उडवणं नव्हे.

आणि मेंटेनन्स करतानाच दोष आत जाऊ शकतो हे मोठ्या विमानांनाही चुकलेलं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये ओकिनावातल्या नाहाला चायना एअरलाइन्सचं ७३७-८०० उतरल्यावर पेटलं. स्लॅट म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेचा सरकणारा भाग, तो ज्या ट्रॅकवर सरकतो त्याला थांबवणाऱ्या डाउनस्टॉपचा नट सुटू नये म्हणून आधी जे काम केलं होतं, बहुधा त्याच कामात एक वॉशर राहून गेला होता, पुढे नट सुटला, बोल्ट निसटून ट्रॅक ज्या डब्यात शिरतो त्या स्लॅट कॅनमध्ये पडला आणि स्लॅट आत घेताना त्याने फ्यूल टँकच्या भिंतीला भोक पाडलं. विमानातले सगळे १६५ जण वेळेत बाहेर पडले. एफएएने इमर्जन्सी एडी काढून आधी तपासणीला २४ दिवस दिले होते, पण पहिल्या काही विमानांतच ढिले आणि निघालेले भाग सापडायला लागल्यावर मुदत १० दिवसांवर आणली. पहिल्या तपासणीत काय सापडतं यावर पुढची घाई ठरवायची असते, आणि इथे तर उघडलेल्या दुसऱ्याच विमानात घासलेली लाइन सापडली होती, ती सापडल्यावर तरी लाइनवरची दोन्ही परत बोलवायला हवी होती. त्या वेळी त्यातलं एक सर्किटमध्ये, म्हणजे एअरफील्डभोवती सराव करत हवेत, होतं.

क्लॅम्प स्टोअरमध्ये नसताना सिलिंडरचं काम बंद कसं झालं, याचंही उत्तर शोधायला हवं होतं आणि ते थोडं अर्धवट राहिलं. मेकॅनिकला दोष देऊन उपयोग नाही, त्याने टॅग लावला होता. पार्ट नसताना विमान बंद ठेवायला त्याच्याकडे अधिकार होता का, आणि वापरला असता तर त्याला कुणी काय म्हणालं असतं, हे त्याला एकट्याला, शांतपणे विचारायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सर, दुसऱ्या दिवशी सकाळी सॉर्टी होती." मॅनेजरांनी नंतर पार्टअभावी ओपन असलेलं काम कुठलाही मेकॅनिक थेट विमानाच्या टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानासोबतच्या तांत्रिक नोंदवहीत, टाकू शकतो असा नियम केला, म्हणजे रिलीज देणाऱ्याला आणि पायलटला दोघांनाही ते दिसेल.

शेवटी ओव्हरहॉलचा मुद्दा राहिला. स्कूलची इंजिनं ओव्हरहॉलला बाहेर जातात आणि तिथून येताना ही एडी झाल्याची सही घेऊन येतात, पण इंजिन विमानावर चढवताना बॅफल आणि लाइन्सना परत हात लागतोच. त्यामुळे आता इंजिन बसवल्यावर, ओव्हरहॉल शॉपची सही असली तरी, इथलं इन्स्पेक्शन वेगळं करायचं आणि क्लॅम्पचा आकडा वेगळा लिहायचा असं ठरलंय. त्यानंतर आलेल्या पहिल्याच इंजिनाच्या कागदांत क्लॅम्पचे पार्ट नंबर लिहिलेले नव्हते. इंजिनिअरने ते इंजिन क्रेटमधून बाहेर काढायच्या आधी शॉपला फोन करून कागद पूर्ण करून मागवले, आणि ते येईपर्यंत इंजिन क्वारंटाइनच्या, म्हणजे अजून मंजूर न झालेला माल वेगळा ठेवायच्या, पट्ट्यात ठेवलं.